घनश्यामची पेन्सिल

४ नोव्हेंबर १९७१

नागपूरची बस उशिरा — ही बातमी नव्हे. उतरला तो बातमी! केनियाचा मुलगा, किमानी. नागपूरला चित्रकला शिकतो. आपल्याकडे शिकून गेलेल्या आफ्रिकन विद्यार्थ्यांचे जुने फोटो गोळा करतो, त्यांवरून मोठाली चित्रं रंगवतो. संपादकांनी माझ्याकडे धाडला — पंडितजी, तिथले वार्ताहर तुम्ही, मदत करा. एरवी माझ्या बातमीला तीन ओळी मिळत नाहीत.

हे कशासाठी, विचारलं. "घर में मुझे हिंदुस्तानी बोलते हैं. यहाँ हब्शी. तो मैं कौन?" उपनिषदांना एवढ्यासाठी बरीच पानं लागली.

५ नोव्हेंबर

त्याचा मामा इथं मँगनीजच्या खाणीचं काम शिकायला आला होता. मायदेशी परतला आणि तापानं गेला. घरी एकही फोटो नाही. इथं सगळ्या तुकडीचा एक काढलेला, त्यात आफ्रिकन तो एकटाच, एवढंच ठाऊक. आईला तो चेहरा एकदा बघायचाय.

६ नोव्हेंबर

घनश्यामच्या स्टुडिओत फोटो सापडला! मामा सापडला नाही. तीन रांगा, डोक्यावर खाणीच्या टोप्या, आणि सगळे सारखेच गोरे — एका गिरणीत पॉलिश केलेला तांदूळ.

घनश्यामनं कौतुकानं पेन्सिल दाखवली. निगेटिव्हच्या काचेवर चेहऱ्याशी बारीक फिरवायची. फोटोत रंग उजळतो, डाग जातात.

"किसने बोला था?" किमानी.

"कोई बोलता नहीं साहब. सबको करते हैं. इज्जत की बात है."

पोरगा रागावला नाही. बाकावर बसून राहिला. रागावता तर बरं होतं.

७ नोव्हेंबर

किमानी जेवायला. शेजारच्या तुळसाबाईंनी रांधून आणलं. आधी टक लावून पाहिलं, मग भातावर भात! "काहून बापू, लाजून राह्यला काय?"

त्यानं भिंतीवरच्या गोदाच्या फोटोकडे बोट केलं. माझी बायको, म्हटलं, आता नाही. तुळसाबाई मध्येच — "तो फोटो वैनीचा वाटतच नाही जी! वैनी कशी सावळी, गालावर देवीचा वण. मले तं हे दुसरीच बाई वाटते."

"दुसरी बाई ठेवायची माझी ऐपत कुठं!" हसले सगळे.

हा फोटो सासऱ्यांनी स्थळांना दाखवायला काढवला होता, घनश्यामकडेच. संस्कृत काव्यात नायिका श्यामा चालते, लग्नाला गोरी लागते. पुढं दुसरा काढायचा राहून गेला.

वण कोणत्या गालावर होता?

आठवेना!

८ नोव्हेंबर

डाव्या असावा. नाही — नथीच्या उलट बाजूला होता. नथ कोणत्या बाजूला घालतात, हेही आता तुळसाबाईंना विचारावं लागणार. नाही विचारलं.

१० नोव्हेंबर

जुन्या काचा घनश्यामनं जपून ठेवल्यात. टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पेन्सिल पुसली, नवा फोटो काढला. दुसऱ्या रांगेच्या टोकाला — मामा! काळाभोर, हसरा, शेजारच्याच्या खांद्यावर हात टाकलेला. किमानीनं बोट ठेवलं आणि आपल्या भाषेत काही बोलला. अर्थ विचारला नाही. ते आमच्यासाठी नव्हतं.

त्यानं दोन्ही फोटो घेतले. चित्रात शेजारी-शेजारी ठेवणार — आम्ही केलेला मामा आणि त्याचा मामा.

घनश्याम खजील. किमानीला म्हणाला, "आपका भी एक निकालूँ, साहब?"

"निकालो. पेन्सिल मत छूना."

११ नोव्हेंबर

बसपर्यंत पोचवलं. खिडकीतून म्हणाला, "सर, अपनी पत्नी की काँच भी पूछना." मी म्हटलं, गोरीशी आता जमलंय माझं, तिला कशाला दुखवू? तो हसला नाही. मीही फारसा नाही.

घरी आलो. दोन ताटं अजून धुऊन पालथी घातलेलीच. एक आत ठेवून दिलं.

१३ नोव्हेंबर

स्टुडिओच्या पायरीपर्यंत गेलो. परत आलो. काच नसली तर? आणि असली, आणि तीही ओळखू आली नाही तर?

१५ नोव्हेंबर

आज आत शिरलो. गोदाची काच आहे का, विचारलं. घनश्यामनं पेटी उघडून काच उजेडाकडे धरली. "हाय जी पंडितजी. पुसू?"



"पूस."

१६ नोव्हेंबर

उजव्या गालावर.