बंद झालेल्या नळाचं व्याकरण

१० जून, मंगळवार

चारशे रोपं वाळली. इथल्या पिंक्स्टर सणाची जोडून सुट्टी, बाहेर ऊन आणि ग्रीनहाऊसचा नळ बंद राहिलेला. कमी पाण्यात जगणारी मिरची शोधतोय आम्ही. या चारशेंत ती नव्हती, एवढं सिद्ध झालं.

आमचा साहेब मार्टाइन चिडून लाल. पाणी बघते ग्राझिना, पोलंडची, त्यामुळे सगळ्यांच्या माना तिच्याकडे. तिने सकाळीच वहीत नोंद केलेली – पोलिशमध्ये. डचमध्ये लिही म्हणून तीन वर्षं सांगतायत! मी डब्याच्या सुट्टीत तिच्याकडून पोलिश शिकते, म्हणून वाचायला मला पुढे ढकललं. "झामक्न्येंतो क्रान." नळ बंद केला.

"कोणी?" मार्टाइन.

"ते वाक्यात नाही," मी.

ग्राझिनाने वही मिटून जागेवर ठेवली.

११ जून

काय भाषा आहे! शेवटी 'नो' नाहीतर 'तो' चिकटवा, की करणारा गायब. 'झापोम्न्यानो' – विसरलं. कोण विसरलं? विचारायचं नाही. अख्खा देश परिपत्रकासारखा बोलतो: निर्णय घेण्यात आला आहे, तरी नोंद घ्यावी.

फोनवर शैलाला हे सगळं रंगवून सांगितलं. (हार्लेमची शैला. गुरुवार रात्रीपासून सुट्टीभर तिच्याकडेच होते.) ती हसेल असं वाटलं होतं. म्हणाली, "आणि परवा माझा निळा कप पडला तेव्हा तू काय म्हणालीस गं?"

'फुटला' म्हणाले. फुटलाच होता की.

"तुझ्या हातात होता तो, आसावरी."

पुण्याची माणसं कपाचीही आठवण ठेवतात.

१२ जून

ग्राझिनाचं कंत्राट जूनअखेर संपतंय. वाढवायचं की नाही, मार्टाइन 'विचार करतोय'. कॉफी मशीनपाशी मला विचारलं, सुट्टीआधी गुरुवारी शेवटी आत कोण होतं. म्हटलं, मला हार्लेमची गाडी गाठायची होती, घाईत निघाले. गाठायची होतीच. शब्दही खोटा नाही.



१३ जून

'कंत्राट वाढवण्यात येणार नाही.' सगळ्यांना मेल. डचांनाही जमतं तर!

१६ जून, सोमवार

डब्याला ग्राझिना नेहमीच्या बाकावर. पाव, चीज, काकडी. मला वाटलं होतं, आज येणार नाही. मी थट्टाच केली – तुमची भाषा चोरांच्या फार सोयीची आहे.

"उलट आहे," ती म्हणाली. "वाऱ्याने दार लागलं तर झामक्न्येंतो म्हणता येत नाही. आपोआप झालं तर 'शे' लावून वेगळं सांगतात. हे रूप फक्त माणसासाठी. कोणीतरी माणसाने केलं, एवढं मी लिहिलं. नाव लिहिलं नाही."

मग पिशवीतून एक गठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला. रोपांची लेबलं. भिजून वाळलेली, कडा वर वळलेल्या. "नळाखाली होती. अक्षर छान आहे तुझं."

आठवडाभर तिच्याकडे होती. सगळ्यांनी माना वळवल्या तेव्हाही. मी वाचून दाखवत होते तेव्हाही! लाज वाटली. 

"मार्टाइनला का नाही दाखवलीस?"

"वाट बघत होते," म्हणाली आणि काकडीची अर्धी फोड माझ्या डब्यात टाकली.

शिकवणी संपताना नेहमी विचारते तसं विचारलं, पुढचा धडा कोणता? एकच शब्द तिने कागदी रुमालावर लिहून दिला.

१७ जून

झामक्नेवाम – मी बंद केला. यात 'मी' वेगळा लिहावा लागत नाही. शेवटच्या 'वाम'मध्येच कळतं – मी, आणि बाई. पळायला जागाच ठेवलेली नाही.

वहीत तिच्या ओळीखाली लिहिलं. खाली डचमध्ये, सही करून: सुट्टीआधी गुरुवारी पाच वाजता लेबलं भिजत होती म्हणून नळ मी बंद केला. उघडायला विसरायला झालं –

खोडलं. 'मी विसरले' लिहिलं. वही मार्टाइनच्या टेबलावर ठेवली. मी ठेवली.