निलमचा तरवड

१९ जून
हेही रोप गेलं. मुळाशी काळं पडलं होतं, बोट लावताच निखळून आलं.

संतरामभाऊजी ओट्यावर चहा पीत बघत होते. "वैनी, किती पाणी पाजून राहिल्या त्याला? तरवड हाय तो. तुमच्या सिस्टरांचा गुलाब न्हाई."

हसले. मीही हसले. जालन्याच्या बोर्डिंगात सिस्टर आम्हां मुलींना रोज सकाळी झारी घेऊन गुलाबांपाशी उभं करायच्या. हात अजून तेच करतो.

"माळावरून उपटून आणू नका. त्याचं मूळ लई खोल जातं, तुटतंच. बी घासून लावा अन् इसरून जा."

विसरून जा!

२ जुलै
बी फरशीवर घासलं, भिजवलं, कुंपणालगत मुरमात टोचलं.

माझी निलम गेली तेव्हा पाच महिन्यांची होती. तान्हं लेकरू पुरुष मंडळी नेऊन पुरतात. आईला जागा दाखवत नाहीत— पुढचं मूल जगावं म्हणून. पुढचं मूल झालंच नाही. नवरा, प्रेमानंद, शेवटच्या आजारात एवढंच बोलले, "संतरामनं तिच्या जागेवर तरवड लावलाय. शेळ्या तोंड लावत नाहीत त्याला." मग तेही गेले. आता जागा ठाऊक असलेले एकटे भाऊजी. विचारलं की म्हणतात, "काहून उकरता, वैनी?"

म्हणून हा अंगणातला खटाटोप. तिच्याजवळ आहे ते माझ्याजवळही असावं.

२४ जुलै
उगवलं. पाणी घातलं नाही. हात मागे बांधून उभी राहिले.

११ ऑगस्ट
सांजेला कुंपणाजवळ गेले की पाठीवर हलकं ओझं जाणवतं. मूल झोपलं की जरा जड होतं ना, तसं. मी वळत नाही. वळलं की उतरतं.

२९ सप्टेंबर
भाऊजींना औंढ्याच्या दवाखान्यातून घरी आणलं. छातीचं दुखणं. मी खाटेशी बसले. म्हटलं, "तुम्हीही गेलात तर मी कुणाला विचारू?"

ते कुशीवर वळले. मग भिंतीकडे बघत— "उघाड पडू द्या. नेतो."

६ ऑक्टोबर
गेलो. तलावामागच्या माळापर्यंत रिक्षा, पुढे चढ. ते काठीवर, मी त्यांच्या दंडाला धरून.

वर पोचलो तर सगळा माळ तरवडाच्या फुलांनी पिवळा. इतक्या वर्षांत शेंगा फुटत गेल्या, बी सांडत गेलं. कुणी तोडलं नाही, कुणी खाल्लं नाही.

भाऊजी एका झाडाशी गेले. मग दुसऱ्या. परत पहिल्याशी. वाकून बुंधा चाचपला.

"एकच होतं, वैनी. मी सोता लावलं होतं. आता बराबर कोणतं, न्हाई सांगता येत."

म्हातारा माणूस लेकरासारखा रडला.

७ ऑक्टोबर
आज एकटीच गेले. माळाच्या कडेला चपला काढल्या. पाऊल कुठे ठेवावं, कळेना.