सगळ्यात खालचं भोक

गुरुजी,

मी सातवीतली ती खिडकीजवळची पोरगी. शाळेच्या टाकीच्या तोटीवर अंगठा दाबून जिनं तुमची कडक इस्त्रीची टोपी भिजवली, ती. टोपी पिळत तुमी ईचारलंत, "कुणी उडवलं?" मी लगीच शेजारणीकडं बोट दाखवलं. तुमी म्हनला, "कारंजे, त्या बोटातनं अजून पाणी ठिबकतंय." तवापासनं शाळा सुटूस्तवर माझं नाव कारंजीच पडलं. दुसऱ्या दिवशी तुमी डालड्याचा डबा आणला, खिळ्यानं त्याला वर, मधी आन् खाली अशी तीन भोकं पाडलेला. "कुठल्या भोकाचं पाणी जोरात येईल?" मी म्हनलं, "वरच्याचं. वर बसलंय म्हंजी रुबाब जास्तच की!" मला खालच्या भोकासमोर बसवलंत, डब्यात घागर वतली, आन् माझं तोंड न्हाऊन निघालं. "वरच्या सगळ्या पाण्याचं वजन खालच्यावर येतं. ध्यानात ठेव." ठेवलं की. पन्नास वर्सं ठेवलं, तवा कुठं यंदा कामाला आलं.

माझं घर हितं कळंब्याच्या बाजूला हाय, गल्ल्या उतरत उतरत येत्यात त्या खोलगटात, सगळ्यात खाली. मालक गेल्यापासनं मी एकटीच असतो. (सून पुण्याची हाय, बाईमाणूस 'असतो-जातो' म्हनलं की अजून तिला हसू येतंय.) जलम सगळा करंगळीएवढ्या धारेखाली कळशी लावून बसण्यात गेला, गुरुजी. आन् यंदा वरच्या माळावर नवी टाकी झाली आन् पाणी असं आलं, असं आलं, की तोटीला बांधलेलं फडकं उडून थेट आमटीत! पयल्या दिवशी मी स्वयंपाकघरात नाचलो. खरंच नाचलो, गुडघ्यांना न ईचारता. पण आठ दिवसात खेळ चालू झाला. तोटी बंद केली की भिंतीत धाडकन आवाज, जसं कोण आतनं बुक्की मारतंय. संडासातली टाकी भरली तरी वाहायची थांबंना. बेसिनखालची नळी महिन्यात तीनदा फुटली. प्लंबरनं पुण्याला माझ्या पोराला फोन करून सांगितलं, "पायपा सगळ्या कुजल्यात, भिंती फोडाय लागत्यात." पोरगा मला म्हनला, "आई, तवर पुण्याला ये. महिनाभरच." त्यो महिना मला ठावं हाय, गुरुजी. आदी महिना, मग पावसाळा, मग 'तिथं एकटीनं कशाला ऱ्हायचं', आन् मग घराला कुलूप. माझं सोन्यासारखं पोरगं हाय, पण मला त्याच्या सातव्या मजल्यावर भांडाय कोण गावंल?

प्लंबर छन्नी घिऊन आला आन् सरळ चुलीमागच्या फरशीला लावली. मालकांनी सवता निवडलेली फरशी ती, निळ्या फुलांची. मी म्हनलं, "पावणं, छन्नी खाली. आदी चा घ्या." चा पिता पिता सहज ईचारलं, "वरच्या गल्लीत नळ्या फुटल्या काय ओ?"

"न्हाय, मावशी. तिथं कायबी तक्रार न्हाय."

"मधल्या गल्लीत?"

"जरा जरा गळतंय."

"आन् खाली?"

"खाली तुमचंच घर की."

गुरुजी, माझ्या तोंडावर पन्नास वर्सांपूर्वीचं पाणी आलं बघा. मी गोडेतेलाचा रिकामा डबा काढला आन् त्याच्याच हातोडीनं तीन भोकं पाडली. "बसा हितं, खालच्या भोकासमोर." "कशाला ओ, मावशी?" "बसा तर!" बसला बिचारा. मी बादली वतली. मिशीतनं पाणी गाळत म्हनला, "अगं आई गं! म्हंजी पायपा बऱ्या हायत, पाण्याचा जोर जादा हाय व्हय!" मग जाऊन त्यानं पाण्याचा जोर मोजायचं, घड्याळासारखं काट्याचं यंत्र आणलं आन् तोटीला लावलं. "साडेसात किलो हाय, मावशी!" मी म्हनलं, "किलोवर मोजाया पाणी काय वांगी हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी त्यानं पाणी घरात शिरतं तिथंच एक पितळी व्हॉल्व बसवला, पाण्याचा जोर कमी करणारा. डोक्यावरचा स्क्रू जरा पिळायचा, काटा बघायचा, परत जरा पिळायचा. काटा तीनावर आला. मी तोटी मुद्दाम झटक्यानं बंद केली आन् भिंतीला कान लावला. गप. एकदम गप. पोराला फोन केला, "पुण्याला दिवाळीत येतो, पावणी म्हनून. तवर तुझी कुठली नळी गळती ती बघून ठेव, आल्यावर दुरुस्त करतो." त्यो हसला आन् म्हनला, "बरं, पावणी म्हनूनच ये." कळलं त्याला.

मागच्या दारची तोटी तेवढी मी व्हॉल्वच्या बाहीरच ठेवाय लावली. प्लंबर म्हनला, "हितं एवढा जोर कशाला?" मी म्हनलं, "झाडाला." झाड कसलं! रंगपंचमीला गल्लीतल्या बाया माझ्या भिंतीपतोर येत्यात, ताटातला रंग माझ्याकडं बघून मागं घेत्यात आन् "बऱ्या हायसा न्हवं, मावशी?" म्हनून जात्यात. यंदा मी तोटी पुरी सोडली आन् अंगठा दाबला. पाण्याला कुठला रंग असतोय, कोण काय म्हनंल? समद्या भिजल्या, 'मालक गेलेल्या बाईला रंग लावू ने' म्हनून सोवळं सांगणारी तर दोनदा. मग त्यांनीच भिंतीवरनं चढून मला गुलाबी केलं.

आता एकच ऱ्हायलं. सातवीनंतर मला शाळेतनं काढली, तवा तुमी आबांना समजवाय घरला आलतासा. "पोरीचं डोकं चालतंय, शिकू द्या." आबा न्हाय म्हनले. तुमी उठलासा, दारापतोर जाऊन वळून बघितलंसा, आन् मी पाया पडाय उठलो न्हाय. तुमास्नी वाटलं आसंल, पोरगी रागावली न्हायतर उलट्या काळजाची हाय. तसं न्हवतं, गुरुजी. शेवटच्या दिवशी तुमच्या कपाटातनं तुमचा तीन भोकांचा डबा मी पळवलाता, आन् तुमी आलासा तवा परकर पसरून मी त्याच्यावरच बसलोतो.