विहीणबाईंचा शालू लालच आहे

बोदलकसा तलावाजवळून, ता. तिरोडा, जि. गोंदिया
श्रावण, सोमवार

आदरणीय व्याहीजी शालीकरामजी यांच्या सेवेशी, डोमनलालचा घरादारासकट राम राम.

तुमच्या गुडघ्याला आराम असेल, म्हैस व्याली असेल आणि धानाची रोवणी आटोपली असेल, असं धरून चालतो. आमची रोवणी झाली. आमच्या सौ. धनवंताची कंबर वाकून वाकून दुखते, तोंड मात्र ठणठणीत आहे. टिकेश जावईबापूंना आशीर्वाद, विहीणबाईंना विशेष नमस्कार (विशेष का, ते पुढे येईलच), आणि रुचिला काय सांगू, ती आता तुमच्या घरची. फोन असताना हा माणूस पत्र काऊन लिहून राहिला, असं तुम्ही म्हणाल. पण व्याहीजी, तुमच्याकडे फोन आला की तो स्पीकरवरच चालतो, आणि मला ही हकीकत मधे कोणी न तोडता सांगायची आहे. शिवाय आज मला इतका आनंद झाला आहे की तो फोनवर मावायचा नाही.

आधी मुद्द्याचं. तुम्ही आमच्या रुचिला लग्नात चढवलेला शालू विटका होता असं धनवंता म्हणाली, हे तुमच्या आमगावपर्यंत पोचलं आहे, आणि त्यावरून विहीणबाईंनी रुचिला पहिल्या तीजेच्या सणाला माहेरी पाठवायचं की नाही ते बघू म्हटलं आहे, हेही फिरून इथपर्यंत पोचलं आहे. (दोन्ही निरोप एकाच मावशीनं पोचवले. नाव लिहीत नाही, ओळखाल.) धनवंता तसं म्हणाली, हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण व्याहीजी, ते ती बोलली नव्हती, आमचा टीव्ही बोलला होता.

झालं असं की लग्नाची शूटिंग करणाऱ्या गोंदियाच्या गजेंद्रनं सगळं चित्रण एचडीआरमध्ये केलं. एचडीआर म्हणजे काय, तर ज्यात ऊन उन्हासारखं दिसतं, सावली सावलीसारखी दिसते आणि रंग डोळ्यांत भरतो, असं तो म्हणाला. ऐसा कलर आएगा अंकल कि हल्दी की खुशबू आएगी, हे त्याचे शब्द. पण तसं चित्र बघायला टीव्हीही तसाच लागतो म्हणे. म्हणून रुचि गेल्यावर घर खायला उठलं तेव्हा मी गोंदियाला जाऊन भिंतभर टीव्ही घेऊन आलो, भिंतीवर चढवला आणि अख्ख्या मोहल्ल्याला पोरीचं लग्न बघायला बोलावलं. टीव्हीला पेनड्राइव्ह लावायचं भोक मागच्या बाजूला, भिंतीला चिकटलेलं, तिथे हात जाईना. मग मी डोकं चालवलं आणि पेनड्राइव्ह आमच्या जुन्या सेट-टॉप डब्याला लावून त्याची वायर टीव्हीच्या कडेच्या भोकात घातली. माझं डोकं चाललं की काहीतरी बिघडतं, हे धनवंताचं मत तुम्हाला ठाऊक आहेच.

चित्र लागलं. हळद मुलतानी मातीसारखी. आंब्याच्या डहाळ्या वर्षभर वाळवल्यासारख्या. गुरुजी, वरात, घोडी, सगळं राखेनं घासून काढलेलं. आता इतकं सगळं राखाडी दिसत असताना माणसानं टीव्हीवर संशय घ्यावा की नाही? पण बायकांनी घोडी पाहिलीच नाही, हळद पाहिली नाही, पाहिली फक्त साडी. धनवंता उठून टीव्हीच्या अगदी नाकाशी गेली आणि म्हणाली, "हे लुगडं असं काऊन दिसून रायलं? यायनं धुतलेलं देलं का जी?" मी म्हटलं, अगं, लग्नात तू स्वतः तिला तो शालू नेसवलास. तर म्हणे, त्या दिवशी माझे डोळे पाण्यानं भरलेले होते, मले काय दिसणार. तिथे ती मावशी बसलेली होती, पुढचं तुम्हाला माहीत आहे.

तीजेचं कानावर आलं आणि मी रिमोट हातात घेतला तो आजवर खाली ठेवला नाही. शेजारचे गोवर्धनभाऊ पंचायतीत बाबू होते, त्यामुळे त्यांना प्रत्येक यंत्रातलं कळतं. ते म्हणाले, रंग वाढवा. मी रंग टोकापर्यंत वाढवला. हळद होती तशीच राहिली, पण गुरुजींचं धोतर गुलाबी झालं आणि पंगतीत बसलेले खुद्द गोवर्धनभाऊ वांग्यासारखे जांभळे दिसायला लागले. त्यानंतर त्यांनी सल्ला दिला नाही. शेवटी गजेंद्रला फोन लावला. तो हसला (मला राग आला, पण गरज माझी होती) आणि म्हणाला, तुमच्या जुन्या डब्याला एचडीआर समजतच नाही, तो टीव्हीला चुकीचं सांगतो, पेनड्राइव्ह थेट टीव्हीला लावा. मग मी आणि गोवर्धनभाऊंनी टीव्ही भिंतीवरून उतरवला. उतरवताना त्यांचा अंगठा चेंगरला, तेव्हा ते जे बोलले ते श्रावणात लिहीत नाही.

पेनड्राइव्ह थेट लावला आणि टीव्हीच्या कोपऱ्यात एचडीआर अशी अक्षरं उमटली. मी टाळी वाजवली. राख गेली होती, रंग आले होते, पण व्याहीजी, सगळं अंधारात. भरदुपारची हळद दिवेलागणीची वाटत होती आणि शालू लाल आहे की काळा, यावर आता नवा वाद सुरू झाला. उजेडाचं बटण टोकाला नेलं तरी फरक नाही. रिमोटही रुसलेला, टीव्हीच्या एका बाजूला जाऊन तिरपा धरला तरच ऐकायचा. मी तर टीव्ही दुकानात परत न्यायच्या तयारीला लागलो होतो, आणि त्यासाठीच आज सकाळी धनवंतानं ओल्या फडक्यानं तो पुसायला घेतला.

आता इथे एक गोष्ट सांगायची राहिली. टीव्ही घरी आला तेव्हा आपण ट्रॅक्टरची करतो तशी त्याची पूजा केली होती. नारळ फोडला, हळदकुंकू लावलं. टीव्हीचं कपाळ कुठे, हा प्रश्न पडला तेव्हा धनवंतानं खालच्या पट्टीवर मधोमध एक काळा चकचकीत ठिपका आहे तेच कपाळ मानलं, आणि श्रावण लागल्यापासून दर शुक्रवारी त्याच्यावर नवं कुंकू चढवलं, गळू नये म्हणून तुपात कालवून. आज ते पुसलं गेलं आणि चित्र असं भक्कन उजळलं की मी खाटेवरून उठून उभा राहिलो. तिला वाटलं तिच्या हातून काही बिघडलं, म्हणून तिनं घाईघाईनं पुन्हा कुंकू लावलं. चित्र विझलं. पुसलं, उजळलं. लावलं, विझलं. आम्ही दोघं म्हातारे सकाळभर हाच खेळ करत बसलो, भात करपला तरी कळलं नाही. गजेंद्रला विचारलं तर म्हणाला, अंकल, वो टीवी की आँख है, त्यातूनच तो खोलीतला उजेड बघतो आणि रिमोटचंही ऐकतो. आम्ही महिनाभर टीव्हीच्या डोळ्यात कुंकू घालत होतो, आणि त्याला बिचाऱ्याला रात्र वाटत होती.

आता कुंकू पट्टीच्या कोपऱ्यावर आहे, आणि शालू लाल आहे. लाल म्हणजे किती लाल, व्याहीजी, जरीचा काठ चमकतो तर डोळे दिपतात. रुचिच्या नाकातल्या नथीचा मोती दिसतो, मंडपाच्या खांबाआड उभं राहून डोळे पुसणारा मी दिसतो (मी रडलो नाही असं गावभर सांगितलं होतं, ते आता बुडालं). धनवंतानं टीव्हीपुढे बसून दोन्ही कान धरले आणि म्हणाली, विहीणबाईंची माफी मागा, आणि त्यांना त्यांच्या डोळ्यांनी शालू पाहू द्या. तर माझी हात जोडून विनंती की येत्या रविवारी तुम्ही उभयतांनी जेवायला आणि चित्र बघायला यावं. मोहल्लाही बोलावला आहे, म्हणजे सगळ्यांसमोर शालूची अब्रू परत येईल. तीजेचं तुम्ही मोठ्या मनानं पाहालच. हे पत्र विहीणबाईंना मोठ्यानं वाचून दाखवावं.

आपला,
डोमनलाल

ता. क. : इथून पुढे मोठ्यानं वाचू नका. पाणी प्यायच्या निमित्तानं अंगणात या. पाकीट बंद करण्याआधी आम्ही चित्र पुन्हा पहिल्यापासून पाहिलं, आणि घात झाला. सुरुवातीला साक्षगंध आहे, अंगठ्यांचा कार्यक्रम. त्यात विहीणबाई धनवंताला साडी देतात, पोपटी, जांभळा काठ, पदरावर मोर. आणि लग्नात विहिणींच्या भेटीच्या वेळी धनवंता विहीणबाईंना साडी देते, तीही पोपटी, जांभळा काठ, पदरावर मोर. तीच आहे. पेटीत भेटीच्या साड्यांचा ढीग, तिच्या हाती नेमकी ती आली, मुद्दाम केलेलं नाही, तिची शपथ. राखाडीत दोन्ही साड्या राखेच्या होत्या, कोणाला कळलं नसतं. विहीणबाईंनी अजून ती घडी मोडलेली नाही असं ऐकतो, मोडू देऊ नका. रविवारी शालूपर्यंत चित्र लख्ख दाखवू. साक्षगंध मी रिमोटनं आधीच पळवून पुढे नेईन, आणि विहिणींची भेट आली की टीव्हीच्या डोळ्यावर बोट ठेवेन. तेव्हा तुम्ही पाणी मागा, खोकला काढा, काहीही करा.

ता. क. दुसरा : बोट ठेवायला आणि रिमोट दाबायला भरवशाचं माणूस पाहिजे, म्हणून रुचिला रविवारी सोबत न आणता दोन दिवस आधीच पाठवा आणि तीज करूनच परत न्या. तसा रिमोट मलाही चालवता येतो, हे एवढ्या लांब पत्रावरून तुम्ही ओळखलं असेलच. पोरीला पाठवा.