सरांच्या वहीचा प्रकार

सर, तुमची वही गेल्या आठवड्यात वेबवर ठेवली. चौसष्ट पानं, प्रत्येक चिन्ह तीनदा तपासून. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली. हे काम तुम्ही असतानाच व्हायला हवं होतं.

साताऱ्यातलं तुमचं स्वयंपाकघर आठवतं. फळीवरच्या प्रत्येक डब्यावर तुमच्या अक्षरातली चिठ्ठी असायची आणि काकू रिकामा दिसेल त्या डब्यात काहीही भरायच्या. एकदा मी ‘साखर’ वाचून चहात मीठ घातलं. मी सांडशी हातात धरून उभा. तुम्ही घोट घेतलात, कप खाली ठेवलात आणि काकूंना म्हणालात, त्यानं चिठ्ठी वाचली, त्याचं काही चुकलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणालात, “बाहेर लिहिलंय तेच आत असलं पाहिजे रे. नाहीतर चिठ्ठीच लावू नये.”

बारावीत नापास होऊन मी सांगलीला टायपिंगच्या दुकानात लागलो, तेव्हा रागावला नाहीत. उलट ती वही दिलीत. मुलं गणितात नेमकी कुठे चुकतात ते तुम्ही तीस वर्षं तिच्यात टिपून ठेवलेलं. म्हणालात, तुझं शुद्धलेखन चांगलं आहे, तूच छाप. सर, मला एकेका अपूर्णांकाची भीती वाटायची. अंश-छेदातली रेघ जरा सरकली की पान टाकून द्यायचो. वर्षभरात फक्त मुखपृष्ठ झालं.

मग तुम्हाला मिरजेच्या दवाखान्यात हलवलं. मी कॉटजवळ उभा आहे. हातात बाइंडिंग केलेली वही, वर तुमचं नाव छापलेलं, आत चौसष्ट कोरी पानं. तुम्ही मुखपृष्ठावरचं अक्षर न् अक्षर वाचता. अंगठा पानांच्या कडेशी जाऊन थांबतो. उघडत नाही. “ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहेत,” एवढंच म्हणता आणि वही काकूंकडे देता. तुम्हाला कळलं होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही.

आता आमच्या दुकानात इंटरनेट आलंय. गणित लिहायची नवी पद्धत निघालीय, मॅथएमएल. अपूर्णांक हा अपूर्णांक म्हणूनच लिहायचा, अंश वेगळा, छेद वेगळा. ती शिकून वही पुरी केली. पण फाइल पाठवताना सर्व्हरनं ब्राउझरला आधी सांगावं लागतं की ही कोणत्या प्रकारची आहे. त्याला मीडिया टाइप म्हणतात. म्हणजे तुमची चिठ्ठीच. साधा मजकूर म्हणून पाठवली तर अंश कुठला, छेद कुठला हे सांगणाऱ्या सगळ्या खुणा पडद्यावर उघड्या पडतात. नेहमीचं वेबपान म्हणून पाठवली तर ब्राउझर न समजलेल्या खुणा गाळतो आणि एक छेद दोनचे बारा होतात. गणिताची म्हणून पाठवली तर आमचा ब्राउझर काहीच दाखवत नाही. फाइल कुठे ठेवू, असं विचारतो. ती उघडणारे प्रोग्राम आहेत, आमच्याकडे नाहीत.

काकू बघायला येणार होत्या, म्हणून मालक मागे लागले होते. “आरं, म्हातारं माणूस साताऱ्यास्नं येणार, काय तर दिसाय नगं व्हय? लाव साधं पान. बारा हाय का अर्धा, कोण बघतंय गड्या?”

दोन दिवस चिठ्ठी बदलत राहिलो. शेवटी गणिताचीच ठेवली.

काकू शनिवारी आल्या, चष्मा पुसून खुर्चीवर बसल्या. पडद्यावर ती एक चौकट, आणि फाइल कुठे ठेवू हा प्रश्न. मी समजावू लागलो की आत सगळं बरोबर आहे, फक्त हे यंत्र वाचू शकत नाही. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

“असू दे रे. तू छापलेली आहेच की घरी. त्यांच्या फोटोजवळ ठेवलीय. मला वाचून कळायचं नाही म्हणून उघडत नाही, पण रोज पुसते.”

मी त्यांना बसस्टँडवर सोडलं, खिडकीची जागा मिळवून दिली, पाण्याची बाटली भरून दिली. बस सुटेपर्यंत खाली उभा होतो. सर, मी त्यांना काही सांगितलं नाही.