माहिरा मुकादम हिचा बैठक क्रमांक रद्द न करण्याबाबत

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
दंतवैद्यक पदव्युत्तर प्रवेश परीक्षा कक्ष,
मुंबई.

अर्जदार: डॉ. भूमिका गुणाजी म्हात्रे, मु. पो. गडब, ता. पेण, जि. रायगड.

विषय: माझ्या लगतच्या बाकावरील मयत उमेदवाराची जागा रिकामी ठेवण्याबाबत.

संदर्भ: डॉ. माहिरा शरीफ मुकादम (रा. अष्टमी, ता. रोहा) यांचा अर्ज रद्द झाल्याचे त्यांच्या पालकांस आलेले आपले पत्र.

महोदय,

१. वरील पत्रानुसार माहिराचा अर्ज रद्द झाला असून तिच्या पुढचे उमेदवार एकेक जागा अलीकडे सरकणार आहेत. आम्ही दोघींनी अर्ज एकाच टपालाने पाठवल्याने आमचे क्रमांक लागोपाठ आले होते. माहिरा ऑगस्टमध्ये काविळीने वारली. त्याबाबत आपल्याकडे तक्रार करण्यात अर्थ नाही. माझी तक्रार सरकण्याबाबत आहे.

२. (ही जागा माहिराची. आम्ही नोट्स अशाच काढत असू: एक कलम माझे, एक तिचे. सवयीने सोडली आहे.)

३. मुखशल्यचिकित्सा हा विषय आम्ही वाटून घेतला होता. अक्कलदाढा, जबड्याचे अस्थिभंग आणि गाठी माझ्याकडे, स्थानिक भूल संपूर्ण तिच्याकडे. रविवारी मी एसटीने रोह्याला उतरून पूल ओलांडून तिच्या घरी जाई आणि आम्ही एकमेकींना शिकवत असू. भुलीपर्यंत आम्ही पोचलोच नाही. कॉलेजात मात्र पहिले इंजेक्शन, तिथल्या रीतीप्रमाणे, एकमेकींनाच दिले होते. तिने माझ्या खालच्या जबड्याची डावी नस बधिर केली होती. "हलू नको गो भूमे, नायतर लग्नात लाळ गाळशील," असे ती सुई हातात धरून म्हणाली होती. मी हसले, म्हणून तिला पुन्हा टोचावे लागले.

४.

५. तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर मी भुलीचे सराव प्रश्न उघडले. पहिल्याच प्रश्नाला माझ्या खालच्या ओठाची डावी बाजू बधिर झाली, मग जिभेची डावी कड. मग माहिरा बोलली. पू झालेल्या जागी भूल नीट का लागत नाही, असा प्रश्न होता. "आम्ल असतं गो तिथं. औषध नशीत शिरतच नाय. क लिही." उत्तर बरोबर निघाले. त्यापुढचीही निघत गेली. मी त्या प्रकरणाचे एक पानही वाचलेले नव्हते. परीक्षेत बाहेरून मदत घेणे हा गैरप्रकार आहे. ही मदत बाहेरची की आतली, हे मला ठरवता येईना, म्हणून प्रथम मी त्याच खुलाशासाठी आपणास लिहिणार होते. आता ती गरज उरलेली नाही.

६. (मजकूर जास्त असल्याने माहिराच्या कलमात लिहीत आहे. ती रागावणार नाही.) हा प्रकार मी तिच्या आईंना, अजीजाचाचींना, सांगितला. सांगायला नको होता असे माझ्या घरच्यांचे म्हणणे आहे. तेव्हापासून चाची मला समोर बसवून प्रश्न सोडवायला लावत, माझ्या ओठावर बोटे ठेवत आणि त्या ओठाशी बोलत. "जेवलीस का? अब्बांचा फोन आलेला मस्कतवरनं." त्यांची बोटे मला कळत नसत. एकदा म्हणाल्या, "तू पास झालीस का पुस्तक मिटशील. मग ही कुठं येल गो? औंदा नापास हो. माझ्यासाठी हो." मी पुढचा प्रश्न वाचायला घेतला.

७. गेल्या महिन्यात अशाच बसलो असता प्रश्न आला: लिग्नोकेन या भुलीच्या औषधाचे विघटन मुख्यत्वे कोणत्या अवयवात होते? पर्यायांत यकृत होते. माहिरा गप्प राहिली. मी पुन्हा वाचले. तिचे यकृतच निकामी झाले होते, हे मला तेव्हा आठवले. भूल उतरताना येतात तशा ओठाला मुंग्या आल्या आणि मला चाचींची बोटे कळली. गार होती, ओली होती, भांडी घासायची टाकून आल्या होत्या. "हाय ना अजून?" त्यांनी विचारले. "व्हय चाची, हाय," मी म्हणाले. तेव्हापासून ओठ बधिर झालेला नाही. मी रविवारी जाते आणि तेच सांगते.

८. (वाट पाहिली.)

९. सबब विनंती की, माझ्या शेजारचा बाक रिकामा ठेवावा. त्यावर माहिराचा क्रमांक चिकटवावा, प्रश्नपत्रिका ठेवावी आणि वेळ संपल्यावर उत्तरपत्रिका रीतसर गोळा करावी. कोरी असली तरी. म्हणजे मला अजीजाचाचींना एक तरी गोष्ट खरी सांगता येईल. भुलीचे प्रकरण मी आता स्वतः वाचत आहे. पेपरात यकृताचा तो प्रश्न आल्यास मात्र मी तो सोडून देणार आहे. उत्तर मला येते. त्या गुणाबाबत माझी हरकत राहणार नाही.

आपली, निम्म्या अभ्यासाची उमेदवार,
भूमिका गुणाजी म्हात्रे

गडब, दि. १४ डिसेंबर १९९७

सोबत:
१. माझ्या अर्जाच्या पोचपावतीची प्रत.
२. माहिराचा फोटो, बाकावरील क्रमांकाशेजारी लावण्यासाठी. परीक्षेनंतर कृपया परत पाठवावा. चाचींनी भिंतीवरून काढून दिला आहे.
३. वैद्यकीय प्रमाणपत्र जोडलेले नाही. पेणच्या डॉक्टरांनी ओठाला टाचणी टोचून पाहिली. मला दुखले.