गच्चीवरची लाल चादर

पुष्पा,

तू देवळात गेली, म्हणून लिहून ठेवून राहिलो. नातवंडांले घेऊन पार्कात चाललो. दरवर्षी तेच पार्क, म्हणून पोरं विचारतात, आबा, या वेळी नवीन काय? सहा वर्षं मी त्यांले सांगत आलो, आकाशपाळण्यातून आपलं सारं बेसा गाव दिसते, आपलं घरही दिसते. खोटं वं. मी भेवानं डोळे मिटूनच बसत होतो.

आज उघडे ठेवतो. सोमवारी डोळ्यांचं ऑपरेशन आहे, मंग किती दिसन कोणाले माहीत.

घर ओळखू यावं म्हणून गच्चीवर लाल चादर टाकली. वाळलेलीच आहे, पण काढू नको. बारा वाजता तिच्याजवळ उभी राह्य. मी वरून हात हलवीन. तुले इतक्या दुरून मी दिसणार नाही, तरी तूही हलव.